उष्टी तोंडं

काका दुसऱ्यांच्या दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे आणि खिशात काहीतरी घालून परत यायचे. काकूंच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरमालकाला हातचलाखीची सवय आहे आणि आपण तर सामान लावून मोकळे झालो. श्रीरामपुरात शाळेत नोकरी लागल्यावर मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले होते. खाली ते दोघंच. मूलबाळ नाही. काका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, काकू घर आणि देव सांभाळणाऱ्या. मी तात्पुरती म्हणून आले आणि अजून तिथेच आहे.

खिशातून यायचं ते सॅक्सोफोनचं माउथपीस. ज्यांनी सॅक्सोफोन फक्त वरातीत लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. त्या वाकड्या पितळी नळीच्या टोकाला कडक काळ्या रबराचा चोचीसारखा तुकडा बसवतात, त्यावर वेताची पातळ पत्ती बांधतात आणि तो तुकडा तोंडात धरून फुंकतात. वरचे दात त्याच्यावर टेकतात. वर्षानुवर्षं टेकले की रबरात दातांच्या खाचा पडतात. काका त्याला माउथपीस म्हणत नसत, ‘तोंड’ म्हणत. ‘परवा राहुरीचं तोंड मिळालं,’ असं ते स्वस्तात भाजी मिळाल्यासारखं सांगत आणि ऐकणारा दचकायचा.

जिल्ह्यातल्या कुठल्याही बँडमधला सॅक्सोफोन वाजवणारा गेला, की दहावं झाल्यावर काका त्याच्या घरी हजर. वाद्यासाठी ते जात नसत. वाद्य बहुतेक घरचे लोक मोडीत घालायचे, कारण डीजे आणि बँजो आल्यापासून सॅक्सोफोनला विचारतो कोण. काका फक्त तोंड मागायचे. नोकरीत असतानाही हेच. ऊसवाले त्यांच्याकडे ऊसतोडीचा नंबर मागायला यायचे, ‘साहेब, आमची तोड कधी?’ आणि साहेब त्यांनाच विचारायचे, ‘तुमच्या गावच्या बँडवाल्याचं तोंड कुठे आहे?’ तोड आणि तोंड यावरून ऑफिसात त्यांची जन्मभर चेष्टा झाली. त्यांना ती कळायची, पण बाधायची नाही.

बँडवाल्यांना मात्र त्यांची धास्ती होती. नेवाशाचा एक सॅक्सोफोनवाला काविळीने अंथरुणाला खिळला होता. काका निव्वळ माणुसकीने त्याला बघायला गेले, हे मी शपथेवर सांगते, कारण मी बरोबर होते. काकांना दारात पाहिल्याबरोबर तो उठून बसला. ‘साहेब, आजून हाय मी,’ म्हणाला. ‘तोंड न्हाई मिळायचं.’ मग बायकोला म्हणाला, ‘साहेबांना चा कर, आन् ती पेटी आत ठिव.’ पुढच्या लग्नसराईत तो वाजवायला उभा होता. ‘औषधानं न्हाई, साहेबांच्या भ्यानं बरा झालो,’ असं सगळीकडे सांगायचा. त्यानंतर श्रीरामपुरात आला की तो काकांकडे डोकावल्याशिवाय परत जात नसे.

हे वेड लागलं ते कारखान्यात. गळीत हंगामाच्या मुहूर्ताला श्रीरामपूरचा एक बँड यायचा. त्याचे मास्तर ख्रिस्ती, वयस्कर, कडक. तरुण कारकुनाने त्यांच्याकडे जाऊन ‘मला शिकवा’ म्हटलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ‘घरी सांगितलंय का?’ काकांनी घरी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. पण शिकले. मास्तर शेवटच्या दुखण्यात त्यांना म्हणाले, ‘वाद्य पोराला राहू दे, तोंड तू ने. दुसऱ्याचं उष्टं तोंडात घ्यायला तुझ्याशिवाय कुणी तयार होणार नाही.’ बँडवाल्यांत तशी रीतच होती म्हणे. वाद्य उसनं देतील, पण तोंड कुणी देत नाही आणि कुणी घेतही नाही. काकांनी ते घेतलं आणि पुढे घेतच राहिले.

आता काकू. उष्टं हा शब्द त्यांच्या घरात देवाच्या खालोखाल होता. खरकटा हात पाण्याला लावायचा नाही, भांड्याला ओठ न लावता वरून प्यायचं, हे मला नवीन नव्हतं. आमच्याही घरी होतं. पण ती पेटीभर तोंडं म्हणजे उष्ट्याचं कोठारच. काकूंच्या मनात नुसती स्वच्छता नव्हती, जातही होती, हे मी झाकून ठेवणार नाही. ‘कुणाकुणाच्या तोंडातलं’ एवढंच त्या म्हणायच्या आणि ओठ मुडपायच्या, त्यात सगळं आलं. तोंडांना बाहेरच्या खोलीचा उंबरा ओलांडायला बंदी होती. वाजवून झालं की काकांनी अंगणात चूळ भरायची, हातपाय धुवायचे, सदरा बदलायचा, मग आत यायचं. त्यांच्या कपातला उरलेला चहा, ताटातला घास काकूंनी कधी घेतला नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या बाहेरच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. केर काका स्वतः काढायचे. ‘माझी सवत असते तिथे,’ काकू मला म्हणाल्या होत्या, ‘आणि तीही दातवाली.’ म्हणताना हसल्या, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

मी त्या खोलीत पुष्कळदा बसले आहे. भिंतीवर खुंट्यांना सॅक्सोफोन टांगलेले असायचे. काकूंनी पिशव्या शिवून द्यायला नकार दिला म्हणून काकांनी स्वतःच्या जुन्या पँटींचे पाय कापून त्यांच्या खोळी केल्या होत्या. खोलीत शिरलं की वाटायचं, शेतकी ऑफिसातला सगळा स्टाफ एका पायावर भिंतीला टेकून उभा आहे. एक सॅक्सोफोन कोपरगावात एक सर्कस मोडली तेव्हा मिळालेला, त्याला मोठा पोचा होता. एकाची किल्ली तुटलेली, तिथे चमच्याचा दांडा डाग देऊन बसवलेला. पण काकांचा जीव त्यांच्यात नव्हता. ‘पितळ सगळं सारखं,’ ते म्हणायचे. ‘आवाज तोंडाचा.’

तोंडं लाकडी पेटीत कापसावर ठेवलेली असत. एकावरही नावाची चिठ्ठी नव्हती. मी शिक्षिका, मला ते बघवेना. चिठ्ठ्या करून देते म्हटलं, तर म्हणाले, ‘नाव कशाला? दात आहेत ना.’ आणि एकेक उचलून दाखवायला लागले. ‘हा राहुरीचा. रागीट होता, बघ किती खोल चावलंय. हा बेलापूरचा, ह्याचा पुढचा एक दात पडलेला, म्हणून एकच खाच. आणि हे आमचे मास्तर. खाच आहे का बघ. नाहीच वाटेल. नुसता अंगठा फिरव, मग लागेल.’ मी अंगठा फिरवला. लागली.

दर रविवारी सकाळी एकाची पाळी असे. ‘आज राहुरी,’ म्हणायचे आणि राहुरीच्या तोंडाने वाजवायचे. त्यांचं म्हणणं, त्या तोंडातून त्याच माणसाचा आवाज येतो. खोटं कशाला बोलू, मला सगळे रविवार सारखेच ऐकू यायचे. तसं मी एकदा म्हटलंही. ‘तुला वहीतल्या अक्षरावरून पोर ओळखू येतं की नाही?’ त्यांनी विचारलं. येतं.

तिसगावला मात्र मी जरा डळमळले. तिथला वाजवणारा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्या म्हाताऱ्या बायकोने तोंड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, हळद-कुंकू लावून. ‘त्येवढंच राह्यलंय त्यांचं,’ म्हणाली. ‘न्हाई द्यायची.’ काका म्हणाले, ‘नका देऊ. एकदा वाजवू द्या.’ वाद्य बरोबर घेऊनच जायचे ते. कुंकू पुसून, पत्ती बांधून तिथेच ओट्यावर बसून त्यांनी एक साधी चाल वाजवली. म्हातारी दाराला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘त्येच हायेत. शेवटाला असंच खाली सोडायचे.’ मग तिने ते पदराने पुसलं आणि काकांच्या हातात दिलं. ‘न्या. हितं देवाजवळ मुकं बसल्यात. तुमच्याकडं बोलतील तरी.’ परतीच्या एसटीत काका नगर येईपर्यंत खिशावर हात ठेवून बसले होते. त्यांच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी त्या गाडीत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं आणि मध्ये काही दिवस असे गेले की काकूंनी मंगळसूत्र मुठीत धरून ते काढले. मी सुट्टीच्या दिवशी जायचे. एकदा गेले तर काका जरा शुद्धीवर होते, काकू त्यांना बशीने चहा पाजत होत्या. त्यांनी अर्धा टाकला. काकूंनी तो उरलेला चहा त्याच बशीतून पिऊन टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘बघतेस काय,’ म्हणाल्या. ‘देवाला सांगितलंय मी. हे घरी येऊ देत, ह्यांचं काही म्हणून मी लांब ठेवणार नाही. फार लांब ठेवलं.’

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी सूचना दिल्या. फुप्फुसं नाजूक आहेत, धूळ नको, तोंडात जाईल ती प्रत्येक वस्तू उकळून घ्या. डॉक्टरांच्या मनात चमचे आणि पेले असणार. काकूंनी ‘तोंड’ हा शब्द ऐकला. त्या एक दिवस आधी एकट्या एसटीने श्रीरामपूरला आल्या आणि बाहेरच्या खोलीचा उंबरा ओलांडला.

संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा घरभर वास होता, फटाके उडवल्यावर येतो तसा. मागच्या अंगणात पांढऱ्या पंचावर सगळी तोंडं ओळीने वाळत घातली होती. काळी राहिली नव्हती, शेवाळी झाली होती. चुलीपाशी नैवेद्याचं मोठं पातेलं पालथं घातलेलं. त्या पातेल्यात काकू सत्यनारायणाच्या शिऱ्याशिवाय कधी काही करत नसत. त्यात त्यांनी ती कडुनिंबाचा पाला घालून उकळली होती, एकेक हाताने घासली होती, बोटं लाल झाली होती. ‘दिवसभर करतेय गं,’ त्या म्हणाल्या. ‘केवढं उष्टं होतं. दातांचे डागसुद्धा गेले बघ.’

एक उचलून मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरं उचललं, तेही गुळगुळीत. ते रबर तापलं की फुगून पूर्ववत होतं, दाबलेलं वर येतं, हे मला नंतर कळलं. काकूंच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. नव्या नवरीचं म्हणावं असं. मी म्हटलं, ‘दमलात तुम्ही. बसा, मी चहा करते.’

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. काकूंनी पेटी त्यांच्यासमोर आतल्या खोलीत, देवघराच्या शेजारी आणून ठेवली. ‘आता कुठेही ठेवा,’ म्हणाल्या. ‘स्वयंपाकघरात ठेवलीत तरी माझी ना नाही.’ काकांनी झाकण उघडलं. पहिलं तोंड हातात घेतलं, अंगठा फिरवला, खाली ठेवलं. मग दुसरं. सगळी पाहिली. मी दाराशी उभी होते आणि मला तिथून जाताही येईना. शेवटचं ठेवून त्यांनी झाकण लावलं. ‘चांगलं केलंस,’ म्हणाले. ‘मला काही हे जमलं नसतं.’

काकू देवळात गेल्या तेव्हा त्यांनी एक वाद्य काढून पाहिलं. वर माझ्या खोलीत नुसता वाऱ्याचा आवाज आला. मी खाली गेले. काका पलंगावर बसले होते आणि मांडीवर ती शेवाळी तोंडं पसरलेली. ‘पत्ती बसायची जागा वाकलीय,’ ते म्हणाले. ‘हवा निसटते. सगळ्यांचीच.’ मी म्हटलं, नवं मागवू या, आजकाल घरबसल्या मिळतं. ‘ते मिळेल गं,’ म्हणाले. ‘पण ह्यातला राहुरीचा कोण ते सांग. मास्तर कुठले? मला ओळखू येईनात.’ दोन तोंडं दोन हातांत धरून ते आळीपाळीने त्यांच्याकडे बघत होते. माणूस इतका हरलेला मी पाहिला नव्हता.

खरं संकट पुढेच होतं. काकू आता रोज म्हणायला लागल्या, ‘वाजवा ना. मी समोर बसून कधी ऐकलंच नाही.’ पहिल्या रविवारी तर त्या चांगलं पातळ नेसून समोर पाटावर येऊन बसल्या. काकांनी काय सांगावं? म्हणाले, ‘दम नाही गं राहिला.’

दवाखान्यातून एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की आतले रंगीत गोळे वर चढतात. काकांनी एकदा माझ्यासमोर सगळे गोळे वर नेऊन आरामात धरून ठेवले होते. फुप्फुसं ठणठणीत होती. पण काकूंसमोर ते नळी तोंडात धरायचे आणि गोळे जागचे हलू द्यायचे नाहीत. काकू तो हलेना झालेला गोळा बघायच्या आणि उठून देवापुढे जाऊन बसायच्या. त्यांनी सोमवार धरले, मग शनिवारही धरले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नवरा दिवसेंदिवस संपत चाललाय अशी त्यांची खात्री झाली होती.

मी काकांना म्हटलं, ‘सांगून टाका. त्या तुमच्या काळजीने मरतील.’

‘सांगितलं तर काय होईल ते मला माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘ती जन्मात पहिल्यांदा बाहेर आलीय. पुन्हा आत जाईल.’

‘आणि न सांगता?’

‘न सांगताही वाईटच आहे,’ म्हणाले, आणि नळी हातात घेऊन बसले, कारण काकूंची पावलं वाजली होती.

मग काकूंनीच एक दिवस नेवाशाच्या त्या सॅक्सोफोनवाल्याला फोन करायला मला सांगितलं. ‘ह्यांना दम नाही तर नाही. निदान ह्यांच्या कानावर तरी पडू दे,’ म्हणाल्या. मी फोनवर त्याला फक्त ‘काका आजारी आहेत, वाजवायला या, तुमचं तोंड घेऊन या’ एवढं सांगितलं. बाकीचं फोनवर बोलता येईना, काकू शेजारीच उभ्या होत्या.

तो आला. ‘साहेब, आता तुमची पाळी का?’ असं त्याने दारातून विचारलं, आपल्या जुन्या थट्टेने, आणि काका हसले. तो आपली पेटी उघडणार तेवढ्यात काकू आतून ताट घेऊन आल्या. ताटात पंचा, त्यावर सगळी तोंडं नीट मांडलेली. ‘ह्यांचंच वाद्य घ्या, ह्यांचंच तोंड घ्या,’ म्हणाल्या. ‘बरं वाटेल ह्यांना. संकोच नको, सगळं स्वच्छ आहे.’

त्याने एक उचललं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. ‘काकू, ही उकाळली कुनी?’

‘मी,’ काका लगेच म्हणाले. ‘मीच उकळली. दवाखान्यात जायच्या आधी.’

‘साहेब, तुमी?’ तो बिचारा गोंधळला. त्याला काहीच माहीत नव्हतं. ‘आवो, तोंडं गेली की सगळी. दात बी न्हाई राह्यलं कुनाचं. आता ह्यातनं काय वाजायचं न्हाई. किती बी दम लावा.’

काकू ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या त्या गोळ्यांच्या यंत्राकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांना सगळं एकदमच कळलं असावं.

‘तुम्हाला गॅस तरी पेटवता येतो का?’ त्यांनी विचारलं.

नेवाशाचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. काकूंनी ताट पलंगावर ठेवलं आणि त्या मोरीत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, तो बराच वेळ थांबला नाही. काका दाराबाहेर उभे राहून म्हणत होते, ‘अगं, ऐक तरी. मला राग नाही. खरंच नाही.’ त्यांना राग नव्हता, हे मी सांगते. नवल म्हणजे त्याचाच काकूंना उपयोग झाला नाही. रागावले असते तर त्यांना भांडून मोकळं होता आलं असतं.

आता काका धडधाकट आहेत. गोळे एका श्वासात वर जातात आणि ते बघायला कुणी नसतं. मी नवं माउथपीस मागवलं, ते खोक्यातून बाहेर निघालं नाही. काकू स्वयंपाक करतात, पण वाढत नाहीत. काकांचे कपडे, काकांचा चष्मा, काकांची गोळ्यांची डबी, कशालाही त्या हात लावत नाहीत. संध्याकाळी ताटं घ्यायची वेळ झाली की मला खालून हाक येते, मी जाते.

काल काका ताटावर बसले होते आणि त्यांना ठसका लागला. काकू हाताच्या अंतरावर होत्या, तांब्या त्यांच्या पुढ्यात होता. काकांनी खोकत खोकत त्यांच्याकडेच हात पुढे केला. काकूंनी तांब्या उचलला, पण तो काकांना न देता माझ्यापुढे जमिनीवर ठेवला.

‘तू दे गं त्यांना,’ म्हणाल्या. ‘माझा हात नको लागायला.’